आमाचं नेपाळी चॅनेल

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीही वाचतो ना, त्यामुळे मला ते माहीत आहे. तरी मलाही तेच सांगावं लागणार... इलाज नाही.

आम्ही कर्जतचे बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं उल्हास नदीत सोडून आले. तेव्हापासून आमच्या घरात भगत नाही, अंगारा नाही, उतारा नाही. लहानपणी कोणी म्हणालं की त्या चिंचेखाली दुपारचं जाऊ नको, तर वडील मुद्दाम मला तिथं नेऊन बसवायचे आणि अभ्यास घ्यायचे. भीती वाटायची ती फक्त पाढे चुकल्याची.

त्यात माझा धंदा टीव्हीचा. आधी केबलवाल्याकडे होतो, मग डिश बसवायला लागलो, आता जास्त करून सीसीटीव्ही. आमच्या जुन्या धंद्यात 'घोस्ट' हा रोजचा शब्द होता. अँटेनाच्या काळात माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसायची, त्याला आम्ही घोस्ट म्हणायचो. सिग्नल डोंगरावर आपटून उशिरा पोचला की असं व्हायचं. आमच्याकडे एका बाजूला माथेरान आणि दुसऱ्या बाजूला घाट, त्यामुळे घरोघरी घोस्ट. अँटेना थोडी फिरवली की भूत गेलं. डिजिटल आल्यावर तर तेही संपलं. डिजिटलमध्ये एक तर चित्र येतं, नाहीतर येत नाही. मधलं काही नसतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे लिहिणार आहे ते मी कोणत्या डोक्यानं बघितलं ते तुम्हाला कळावं.

कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना नदीच्या अंगाला फार्महाऊसेस लागतात. त्यातल्या एकावर मी कॅमेरे बसवायला गेलो होतो. मालक मुंबईचे, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येणार. बाकीच्या दिवशी बंगला भाड्यानं. सगळं बघायला तिलक आणि त्याची बायको सरिता. दोघं नेपाळची, पण इथं इतकी वर्षं झालेली की सरिता बाजारात भाजीवाल्या ठाकरणीशी आमच्यासारखंच बोलून घासाघीस करायची. बंगल्याच्या मागे आंब्याखाली त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथून समोरच्या डोंगरात ठाकुरवाडीच्या अंगाला घाट चढणारी गाडी दिसते.

काम संपवून मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा तिलक जवळ येऊन उभा राहिला. 

"दादा, नेपाळचं चॅनेल हितं दिसतं का?"

"मोबाईलवर दिसतं की रं."

"हितं रेंज कुठं हाय? वायफाय बंगल्यात, ते पण शेठ नसले की बंद. आणि आमाला मोबाईल बघता येत नाय. मोतीबिंदू काढलाय. मोठ्या टीव्हीवर दिसलं तर..."

आमा म्हणजे त्याची आई. नेपाळीत आईला आमा म्हणतात. त्याचे वडील वारले आणि आई डोंगरातल्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे खरोखर एकटी, कारण त्या वस्तीतली माणसं एकेक करून खाली शहरात नाहीतर आखातात निघून गेलेली. म्हणून तिलकनं तिला इकडे आणलं. आता ती आंब्याखाली बाजेवर बसून असायची. हिंदी येत नाही, मराठी येत नाही. सरिता कामात, तिलक गेटवर. तिचं जेवण तुटत चाललं होतं. दिवसभरात ती एकच गोष्ट विचारायची — "घर कहिले जाने?" घरी कधी जायचं?

तिलक म्हणाला, "पावसाळा संपू दे, दसईला, म्हंजे तुमच्या दसऱ्याला, नेतो म्हणून सांगितलंय. पण तोपर्यंत ती राहते का नाय, असं वाटतंय."

नेपाळची काही चॅनेल आकाशातून मोफत मिळतात, त्यांना कार्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. सीमा-बिमा उपग्रहाला कळत नाही. तो टाकतो तो सिग्नल जिथं पडेल तिथं पडतो, आपल्याकडे तेवढी मोठी छत्री पाहिजे. घराघरांवर असते ती छोटी डिश चालत नाही, केबलवाल्यांकडे असायची ती जाळीची मोठी लागते. तसली एक दहिवलीत आमच्या जुन्या मालकाच्या गच्चीवर पडून होती. तिच्यावर त्यांच्या मंडळींनी दोडक्याचा वेल चढवला होता. वेल सोडवला, छत्री टेंपोत टाकली आणि एका रविवारी कोंडाण्याच्या रस्त्याला लागलो.

आमाला मी पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या दिवशी. लहानशी बाई, कमरेला पटका गुंडाळलेला, तोंडावर इतक्या सुरकुत्या की हसते आहे की उन्हाकडे बघते आहे ते कळू नये. मी खांब रोवला, छत्री चढवली, मीटर लावला आणि दक्षिणेकडे फिरवायला लागलो. ती उठून माझ्याजवळ आली आणि हातानं मला मागे, उत्तरेकडे दाखवायला लागली. काहीतरी सांगत होती.

सरिता हसायला लागली. "भाऊ, ती म्हणते नेपाळ तिकडं हाय. तुमी उलटीकडं तोंड केलंय."

आता आपल्याकडून बघितलं तर टीव्हीचे उपग्रह सगळे दक्षिणेलाच. नेपाळ बघायचा तरी छत्रीचं तोंड खोपोलीकडेच करावं लागतं. मी हातानं दाखवलं — नेपाळमधून असं वर जातं, आणि वरून असं खाली इथं येतं. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि मान हलवली. एखाद्या लबाड दुकानदाराला आपण 'बरं बरं' म्हणतो ना, तशी. मग चित्र लागलं. नेपाळी बोलणारी बाई बातम्या देत होती. आमा खोलीत गेली आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसली. त्या बाईनं बातम्या संपवून नमस्कार केला तेव्हा हिनंही हात जोडले.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी तिथं जायचो. कधी कॅमेऱ्याचं काम, कधी उगीच. आमा बदलली होती. जेवायला लागली होती. शेतीचा कार्यक्रम लागला की बोलायची, बियाणं कधी टाकायचं यावर टीव्हीतल्या साहेबाशी वाद घालायची. हवामान तर चुकवायची नाही. सरिता सांगायची, "भाऊ, हितं पाऊस हाय का नाय ते ती बघत नाय. तिकडं आज ऊन हाय म्हणून ती खूश."

आणि घरी कधी जायचं, हे तिनं विचारणं बंद केलं.

दसई आली तेव्हा फार्महाऊसचं बुकिंग लागलेलं होतं. शेठनी तिलकला नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाले की या गर्दीत तू नसलास तर मी कोणाला उभा करू. तिलकनं आईकडे बघितलं. ती टीव्हीवर दसईची गाणी बघत बसलेली. तो मला म्हणाला, "रमलीय ना दादा. आता उन्हाळ्यात नेतो. तेव्हा थंडी पण नसते."

मलाही ते बरोबरच वाटलं.

थंडी सुरू झाली आणि लग्नाआधीच्या फोटोंचा हंगाम सुरू झाला. हल्ली आपल्याकडे ते फारच वाढलंय. पोरगा-पोरगी येतात, झगे, धूर सोडायची मशिनं, ड्रोन. ड्रोनच्या फोटोत आमची जाळीची छत्री यायला लागली. शेठचा मला फोन आला, ती जुनाट वस्तू आधी तिथून हलवा. मी म्हटलं, खोलीच्या मागे लावून देतो, दिसणार नाही. ते म्हणाले, कुठंही लावा, पण आज काढा.

मी गेलो आणि काढली. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा असतो, एलएनबी, तो सोडवून माझ्या पिशवीत टाकला. वायर रिसिव्हरच्या मागून काढली, भिंतीच्या भोकातून बाहेर ओढली, गुंडाळून टेंपोत टाकली. खांबसुद्धा उपटला, खड्डा बुजवला. खोलीत फक्त टीव्ही आणि रिसिव्हर राहिला. हे सगळं मी माझ्या हातानं केलं.

आमा दाराला धरून बघत होती. शेवटी सरिताला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

सरिता म्हणाली, "विचारते, रस्ता बंद झाला का."

"सांग त्यांना, दोन-चार दिवसांत मागे लावून देतो. मागे डोंगर आडवा येत नाही, चांगलं दिसेल."

सरितानं सांगितलं. आमानं माझ्याकडे बघून मान हलवली. या वेळी ती लबाड दुकानदारावाली मान नव्हती. नुसती हलवली.

दोन-चार दिवसांचे बरेच दिवस झाले. नेरळला एका नव्या सोसायटीचं काम मध्येच आलं. सरिताचा एकदा फोन आला की आमा परत जेवत नाही. तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी छत्री टेंपोत घालून निघालो.

दुपारची वेळ होती. जेवणं झालेली, ऊन तिरपं व्हायला लागलेलं. गेटवर चार-पाच मोठ्या गाड्या आणि तिलक टोपी घालून त्या मागेपुढे करून लावत होता. आत शूटिंग चालू. तो हळूच म्हणाला, "दादा, मागच्या बाजूनं जा. आणि आवाज नको, त्यांचं व्हिडिओ चालूये."

मी टेंपो मागे नेला, पाना घेऊन उतरलो आणि आधी आमाला सांगावं म्हणून खोलीत डोकावलो.

टीव्ही चालू होता. आमा समोर जमिनीवर बसली होती.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की दुसऱ्या कोणाला बोलावून यांनी छत्री लावून घेतली. जरा रागही आला. मी बाहेर येऊन बघितलं. छत्री नाही, खांब नाही. खोलीच्या मागे गेलो. तिथंही काही नाही, सरितानं वाळत घातलेल्या मिरच्या फक्त. भिंतीतलं वायरीचं भोक रिकामं, त्यातून आतला टीव्हीचा उजेड दिसत होता.

परत आत आलो. रिसिव्हर उचलून मागे बघितलं. वायर लावायची जागा उघडी. टीव्हीला जाणारी वायर आणि लाईटचा प्लग, एवढंच. पेनड्राईव्ह नाही. त्या रिसिव्हरमध्ये रेकॉर्डिंग होत नाही. सिग्नल गेल्यावर कधी कधी शेवटचं चित्र अडकून राहतं, पण हे अडकलेलं चित्र नव्हतं, कारण त्यातली पानं हलत होती. मी रिमोट घेऊन माहितीचं बटण दाबलं. चॅनेलच्या नावाची जागा कोरी. सिग्नलची पट्टी शून्य. क्वालिटीची पट्टी शून्य. आणि त्या दोन शून्यांच्या मागे स्वच्छ चित्र.

एक घर होतं. खालचा अर्धा भाग गेरूनं सारवलेला, वरचा पांढरा. दगडी फरश्यांचं छप्पर. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला संत्र्याचं झाड, फळांनी वाकलेलं, आणि खाली पडलेली फळं कोणी उचलली नव्हती. एका बाजूला गोठा. गोठ्याच्या छपराचा उजवा कोपरा खाली आलेला, फरश्या ढिगानं पडलेल्या. अंगण मात्र स्वच्छ. नुकतं सारवल्यासारखं, एका बाजूनं अजून ओलं. घराचं दार उघडं होतं आणि आत अंधार. कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह नाही, खाली पट्टी नाही, कोणी बोलत नाही. कॅमेरा हलत नव्हता. आपण समोरच्या बांधावर बसून बघावं तसं.

आवाज होता. खराट्याचा. कोणीतरी झाडत होतं, पण दिसत नव्हतं. घराच्या मागच्या बाजूला असावं.

आमा चित्राकडे बोट करून मला म्हणाली, "ढोका खुला छ."

मी दचकलो. मला ऐकू आलं 'धोका'. तेवढ्यात सरिता चहा घेऊन आत आली, तिनं टीव्हीकडे बघितलं आणि तिथंच थांबली. कपबशी तिनं खाली ठेवली, फार जपून ठेवली.

"कसला धोका म्हणतात त्या?" मी विचारलं.

"धोका नाय भाऊ. ढोका. दार. दार उघडं हाय म्हणते." मग टीव्हीजवळ जाऊन म्हणाली, "भाऊ... हे आमचं घर हाय."

"तुमच्यासारखं असेल."

"सासऱ्यांनी बांधलेलं घर मी वळखणार नाय का? ती संत्र्याची फांदी बघा, मधनं तुटलेली. माझ्या लग्नात मांडव घालताना तुटली ती."

फांदी मधून तुटलेली होती.

आमा काहीतरी म्हणाली, त्यात तिलकचं नाव होतं. सरिता लगेच बाहेर गेली. मी आणि आमा दोघंच राहिलो. मला भीती वाटली का? नाही वाटली. भीती वाटायला काहीतरी भयंकर दिसायला हवं. इथं एक सारवलेलं अंगण होतं आणि दुपारचं ऊन. आमाच्या चेहऱ्यावर मी काय बघितलं ते कसं सांगू... लांबच्या प्रवासात माणूस आपलं स्टेशन जवळ आलं की पिशव्या सारख्या करतो, पदर नीट घेतो. तशी ती बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं दोनदा सारखा केला.

मोबाईलवर फोटो का नाही काढला, असं माझी बायको अजून विचारते. मोबाईल खिशात होता. मला सुचलंच नाही.

सरिता परत आली. "गाडी लावतायत. म्हणाले पाच मिनटांत येतो."

तिनं तेच आमाला नेपाळीत सांगितलं. आमा टीव्हीकडेच बघत म्हणाली, "पछि आउँछ." तेवढं मलाही कळलं. मागून येईल.

मग खराट्याचा आवाज थांबला. आमानं थोडा वेळ वाट बघितली. नंतर ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि टीव्हीचं बटण स्वतः बंद केलं. आणि मागे न वळता ती बाहेर बाजेवर जाऊन बसली.

तिलक धावत आला तेव्हा पडदा काळा होता. मी टीव्ही परत लावला. 'नो सिग्नल' अशी निळी पाटी आली. त्यानं सरिताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सरिता त्याला नेपाळीत भरभर सांगत होती. तो ऐकत होता, पण त्याला काय कळत होतं कोण जाणे. गेटकडून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि तो परत गेला.

त्या संध्याकाळी मी खोलीच्या मागे छत्री बसवून दिली. चित्र छान लागलं, आधीपेक्षा छान. आमाला बोलावलं, पण ती आली नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली, भात पुन्हा मागून घेतला. सरिताला इतका आनंद झाला की तिनं मला फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा आमा गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, वय झालं होतं. ते खरंच असेल. मी टेंपो नेला. कोंडाण्याचे चार लोक आले, आमच्या वस्तीतले आले. नदीवर नेलं. आम्हा लोकांच्या पद्धती वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या, पण लाकडं उचलायला सगळे सारखेच. सरितानं शेवटी तिच्या कमरेचा पटका सोडला तेव्हा आत गाठीत बांधलेली एक मोठी लोखंडी किल्ली निघाली. घराची. इकडे आल्यापासून ती तिनं अंगावरून काढलीच नव्हती. तिलक ती हातात घेऊन बसून राहिला.

मला म्हणाला, "दादा, टीव्ही लागला नसता तर मी तिला दसईला नेली असती. ती रोज विचारायची तेव्हा मला झोप लागायची नाय. विचारायची थांबली, तर मी पण थांबलो."

 छत्री मीच बसवली होती, पण त्या छत्रीमुळेच आई जेवायला लागली हेही खरं होतं. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

शेठनी सुट्टी दिली. लागेल तेवढी घे म्हणाले. तेरा दिवस पांढऱ्या कपड्यात काढून तिलक अस्थी घेऊन एकटाच निघाला, सरिता बंगला सांभाळायला मागे राहिली. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सीमा, मग बस, आणि शेवटी पायी चढ.

बऱ्याच दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी कर्जत स्टेशनजवळ एका दुकानात कॅमेऱ्याचं काम करत होतो. स्क्रीनवर आधी त्याचा चेहरा आला, काळवंडलेला, कानटोपी घातलेली. म्हणाला, घरी पोचलोय, थोडं वर चढून आलं की रेंज येते.

मी म्हटलं, "थांब. कॅमेरा फिरवू नको. आधी मी विचारतो ते सांग. गोठ्याच्या छपराचा कोपरा पडलाय का? उजव्या हाताचा?"

त्याचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं? सरितानं घराचं सांगितलं, कोपऱ्याचं नाय. गावात सांगायला माणूसच नाय. औंदाच्या पावसात पडला असंल. मी आलो तेव्हा बघितला."

त्यानं कॅमेरा फिरवला. तेच घर. गेरू, पांढरा भाग, फरश्यांचं छप्पर, तुटलेल्या फांदीचं झाड. फक्त थोडं वरून दिसत होतं, कारण तो चढावर उभा होता. दुकानदार मला म्हणाला, काय झालं, घाम का आलाय. मी म्हटलं काही नाही.

"दादा, अजून एक," तिलक म्हणाला. "दाराला कुलूप होतं. आमाच्याच किल्लीनं उघडलं. गंजलेलं, तेल घालावं लागलं. म्हणजे दार कोणी उघडलेलं नाय. पण अंगण... मला वाटलं होतं गुडघ्यापर्यंत गवत असंल. एक काडी नव्हती. सारवलेलं होतं. मी खालच्या वस्तीत जाऊन विचारलं. तिथं दोन म्हाताऱ्या राहतात, त्यांना हितपर्यंत चढवत नाय."

त्यानं कॅमेरा परत स्वतःकडे फिरवला.  त्याच्या टोपीची लोकर वाऱ्यानं हलत होती.

"मी आलो नाय तेव्हा ती काय म्हणाली?" त्यानं विचारलं. "सरिता म्हणते काय नाय म्हणाली. तू होतास ना?"

सरितानं ते त्याच्यापासून का लपवलं असेल ते मला समजलं. पण त्यानं मला थेट विचारलं होतं.

मी म्हटलं, "म्हणाली, मागून येईल."

त्यानं मान हलवली. मग मोबाईल कुठंतरी दगडावर ठेवला असावा, कारण मला नुसतं आकाश दिसायला लागलं. तो रडत होता ते ऐकू येत होतं. मी कॉल बंद केला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, रेंज आपोआप जाईपर्यंत.

तिलक परत आला नाही. होळीनंतर सरिताही गेली. मी तिला कल्याणला गाडीत बसवून दिलं. गोठा बांधून काढलाय, दोन शेळ्या घेतल्यात, असं मधे एकदा कळलं. फार्महाऊसवर आता दुसरं जोडपं आहे, विदर्भातलं. त्यांना मराठी मालिका पुरतात, त्यामुळे मोठी छत्री मी काढून आणली. रिसिव्हर मी नेरळला एका गिऱ्हाइकाला बसवून दिला. तिथं तो नीट चालतो. वायर काढली की बंद पडतो, जसा पडायला पाहिजे तसा.

मी दोन-तीन जाणत्या लोकांना विचारलं. एक म्हणाला, दुसऱ्या कुठल्या तरी सिग्नलची गळती झाली असेल. मी विचारलं, कुठून, आणि कुलूपबंद घरासमोर कॅमेरा कोणी लावला होता? दुसऱ्यानं चहा मागवला. बायको म्हणते, तुम्ही दोघांनी आमाच्या तोंडाकडे बघून ते घर मनात बघितलंत. असेलही... पण मी ते घर आधी कधीच बघितलं नव्हतं आणि गोठ्याचा कोपरा तर आमानंही पडलेला बघितला नव्हता. वडील असते तर त्यांनी मला परत त्या खोलीत नेऊन बसवलं असतं आणि म्हटलं असतं, नीट बघ, कारण सापडेल. मी जाऊन बसलोही. भिंतीतलं भोक अजून तसंच आहे. कारण सापडलं नाही.